उत्तरेच्या भिंतीची पागोळी

हेल्मसाउ, १७ मार्च २०११

रोझविथा,

सरळच विचारते. त्या बाईला तू पाठवलंस का?

पाठवलं असशील तर पुढचं वाचायची गरज नाही. एका कार्डावर ‘हो’ लिही आणि टपालात टाक. नसेल पाठवलं, तर वाच. तू घर सोडल्याला छत्तीस वर्षं झाली आणि हे माझं तुला दुसरंच पत्र. पहिलं आई गेल्याचं होतं, तेही चार ओळींचं. त्यामुळे बहिणीला कसं लिहायचं याची सवय राहिलेली नाही.

मंगळवारी सकाळी दाराची घंटा वाजली. मी बटाटे सोलत होते. आल्ब्रेख्ट गेल्यापासून चर्चची आणि गढीची किल्ली माझ्याकडेच असते. चर्चच्या दारावर पाटी आहे, ‘किल्ली: क्रोल, गिरणी गल्ली ४’. उन्हाळ्यात लोक येतात. सायकलवाले, शिक्षिका, निवृत्त जोडपी. मार्चात कुत्रंही येत नाही. दारात उंच बाई, तरुणच म्हणायची, पायात पुरुषी बूट. म्हणाली, “चर्च बघायचंय. जमलं तर गढीसुद्धा.”

मी म्हटलं, “चर्च गारठलेलं आहे. आणि गढी ईस्टरला उघडते, तोवर तिथे शेगडी पेटवत नाहीत.”

“मला थंडीचं काही वाटत नाही,” म्हणाली. नाव विटकोप.

मी इतकी वर्षं माणसं बघते आहे. चर्चमध्ये शिरलेला माणूस आधी वर छताकडे बघतो, मग रंगीत व्यासपीठाकडे, मग त्या दगडी सरदाराकडे. त्याच्या पायाशी कुत्रं आहे ना, त्याचं नाक कोणी तोडलं हे प्रत्येक जण विचारतो. हिने एक अक्षर विचारलं नाही. सरळ उत्तरेच्या भिंतीशी गेली आणि भिंतीला तळवा लावून उभी राहिली, तापलेल्या माणसाच्या कपाळाला लावतात तसा. मग बाहेर पडली. पाऊस चालू होता. चर्चच्या मागे, जिथे नुसतं शेवाळ आणि गवत आहे, तिथे पागोळ्यांखाली छत्रीशिवाय उभी राहिली आणि खाली जमिनीकडे बघत राहिली. मला म्हणते, “तिन्ही बाजूंना पन्हळ आहे. इकडेच का नाही?”

“माझ्या नवऱ्याला विचारा,” मी म्हटलं. “तो तिकडे असतो, तिसऱ्या रांगेत, सुरूच्या झाडाखाली.”

खरंच दोन-चार पावलं गेली बिचारी. मग पाटी वाचली आणि लाल झाली.

मला हसू आलं नाही. त्या जागेवर काय घडलं ते तीनच माणसांना माहीत होतं. त्यातला एक मेला. मी कोणाजवळ बोललेले नाही. राहिलीस तू.

गुड्रुन

हेल्मसाउ, २४ मार्च २०११

रोझविथा,

कार्ड मिळालं. ‘नाही. कोण बाई?’ एवढंच. ठीक आहे. पण लहानपणी मुरांबा खाऊन तोंड पुसून ‘मी नाही’ म्हणताना तुझा चेहरा कसा असायचा ते मला आठवतं, म्हणून पुरता विश्वास ठेवत नाही.

ती बाई अजून इथेच आहे. खानावळीच्या वरच्या खोलीत उतरली आहे. गावाने आपापली कारणं काढली आहेत. बेकरीतली ओटिली पाव बांधता बांधता म्हणाली, “गुड्रुन, ती गढीची वारसदार आहे, लिहून ठेव. टेप लावून मोजत होती. आमच्या ह्यांनी बघितलं.”

“वारसदार असेल तर बरंच झालं,” मी म्हटलं. “छप्पर गळतंय, तेवढं आधी घेऊन जाऊ दे.”

“थट्टा करतेस. बूट बघितलेस तिचे? असे फाटक्यासारखे दिसणारे महाग बूट थोरामोठ्यांचीच माणसं घालतात.”

मी दुसरंच काही बघितलं होतं. तिची हनुवटी. आपल्या आईची होती तशी, मधे किंचित दबलेली. तुझीही तशीच आहे.

काल तिला गढी दाखवायला नेलं. मुद्दाम वेशीवरच्या खोल्यांत नेलं, जिथे मी आणि आल्ब्रेख्ट लग्नानंतर राहायचो. आता तिथे जुने खोगीर आणि भाले मांडले आहेत. जिना चढताना सहज विचारल्यासारखं विचारलं, “वय काय तुमचं?”

“पस्तीस. ऑगस्टात छत्तीस पूर्ण होतील.”

“आणि घरचे कुठले?”

“आई हॅनोव्हरची. वडिलांना मी कधी पाहिलं नाही.”

मी कठड्याला धरलं. तिला वाटलं गुडघे दुखतात.

वरच्या खिडकीतून उत्तरेची भिंत समोर दिसते. आता सांगूनच टाकते, कारण ही गोष्ट मी तुला कधी सांगितली नाही. मी तुम्हाला त्या खिडकीतून पाहिलं होतं. चौऱ्याहत्तर साल, मृतांचा रविवार. माझ्या आजारपणातून मी नुकती घरी आले होते, पायात बळ नव्हतं, म्हणून वर पडून होते. सगळं गाव पुढच्या बाजूला कबरींवर पानं वाहत होतं, दिवे लावत होतं. आणि तुम्ही दोघं मागे, जिथे एकही कबर नाही, तिथे. गुडघे टेकून, जवळजवळ. पागोळ्यांचं पाणी तुमच्या डोक्यावर गळत होतं आणि त्याचा हात तुझ्या मानेवर होता. तू रडत होतीस. बाई एखाद्या पुरुषासमोर तशी कधी रडते ते मला कळत होतं.

नाताळात मी तुला पेटी भरायला सांगितली. तू विचारलंस, “का गं?” मी म्हटलं, “का ते तुला माहीत आहे.” तू मान खाली घातलीस. म्हणजे माहीत होतं.

नोव्हेंबर ते ऑगस्ट. मी जिन्यातच बोटांवर महिने मोजले.

आणि आल्ब्रेख्टच्या मातीला तू आली नाहीस, पण पुष्पचक्र पाठवलंस. त्याच्या फितीवर काय छापलं होतंस? ‘आल्ब्रेख्ट, मी शब्द पाळला.’ अख्ख्या गावाने वाचलं. ओटिलीने चष्मा लावून दोनदा वाचलं. मी त्या फितीकडे बघत माती टाकली. दोन वर्षं झाली, मला अजून त्या फितीचा रंग दिसतो.

तुला ब्रेमेनला गेल्यावर मूल झालं का? एवढंच लिही.

गुड्रुन

हेल्मसाउ, २ एप्रिल २०११

रोझविथा,

तुझं उत्तर नाही. आधी लाज वाटण्यासारखं आहे ते सांगते, म्हणजे तुला लिहायला सोपं जाईल.

ती तुझी मुलगी नाही.

मी चर्चची किल्ली पिठाच्या डब्यात लपवली आणि तिला सांगितलं की हरवली. तीन दिवस ती आली आणि तीन दिवस मी तेच सांगितलं. चौथ्या दिवशी पाळक हेन्केबाईंना घेऊन आली. ह्या आपल्या नव्या पाळक. तीन गावांची चर्चं सांभाळतात, म्हणून सदा घाईत. दारातूनच म्हणाल्या, “क्रोलबाई, किल्ली द्या बघू. विटकोपबाईंना आपल्या कमिटीनेच बोलावलंय.”

“कशाला?”

“भिंतीसाठी. त्या ओल्या भिंतींच्या इंजिनियर आहेत. उत्तरेच्या भिंतीवरचं जुनं चित्र गळून पडतंय. अर्धा संत ख्रिस्तोफर गेला.”

“मग मला का नाही सांगितलं?”

हेन्केबाई घड्याळ बघू लागल्या. विटकोपबाईच म्हणाली, “तुमचे मिस्टर पन्हळीच्या विरुद्ध होते म्हणे. तुम्हाला वाईट वाटेल असं कमिटीला वाटलं.”

ते खरं आहे. आल्ब्रेख्टने चौतीस वर्षं त्या बाजूला पन्हळ लावू दिली नाही. दर वेळी कमिटीत विषय निघाला की हा उठून उभा. छपराचा उतार वेगळा आहे म्हणायचा. दगड पाणी पितो म्हणायचा. एकदा तर म्हणाला, “राखणदार मी आहे, मी सांगतो तसं,” आणि दार आपटून आला. लोक त्याला पन्हळीचा वैरी म्हणायचे. मीही हसायचे. त्याच्यासारखा शांत माणूस एका पत्र्याच्या नळीवरून एवढा तापतो कसा, हे तेव्हा मला कधी खुपलं नाही. आता खुपतंय.

मी पीठ झटकून किल्ली काढून दिली. आणि वर विचारलंच, “तुमच्या आईचं नाव रोझविथा का?”

“झाबीने,” ती म्हणाली. “का हो?”

“काही नाही. हनुवटी ओळखीची वाटली.”

तर हे असं. पण ती त्या जागी उभी राहिली होती, त्याला दुसरं कारण निघालं म्हणून माझं कारण खोटं ठरत नाही. लिही.

गुड्रुन

हेल्मसाउ, ११ एप्रिल २०११

रोझविथा,

आता वेळ थोडा आहे. दोन मेला, सोमवारी, खणायला सुरुवात होणार. उत्तरेच्या भिंतीच्या कडेने एक मीटर खोल चर, त्यात खडी आणि नळ, वर पन्हळ. सगळ्यांनी हात वर केले. मी कमिटीत नाही, मागच्या बाकावर बसले होते.

सभा झाल्यावर विटकोपबाई माझ्या शेजारी येऊन बसली. पिठाच्या डब्याचा राग तिने धरलेला नाही. माणूस चांगली आहे. म्हणाली, “खणायच्या आधी पुरातत्त्व खात्याचा माणूस येईल. अशा जुन्या चर्चच्या पागोळीखाली कधीकधी हाडं सापडतात. फार छोटी.”

मी म्हटलं, “मला ठाऊक आहे.”

ठाऊक असणारच. शाळा मी चौदाव्या वर्षी सोडली, पण ते जुनं वळणदार अक्षर माझं मी शिकले, चर्चच्या दफनाच्या वह्या उघडून. पहिल्या हिवाळ्यात एक ओळ लावायला संध्याकाळ जायची. पुढे पाळकच मला विचारायला यायचे, हे काय लिहिलंय म्हणून. त्या वह्यांत आहे, सतराशे त्र्याऐंशी, ‘बाप्तिस्म्याआधी गेलेलं मूल, संध्याकाळी पागोळीखाली ठेवलं.’ अशा नऊ नोंदी आहेत. बाप्तिस्मा न झालेल्या मुलाला पवित्र जमीन मिळत नसे. मग आई-बाप त्याला चर्चच्या भिंतीला चिकटून पुरायचे. देवाच्या छपरावरून आलेलं पाणी पागोळीतून त्याच्यावर पडलं, की तोच बाप्तिस्मा. जोवर पाऊस पडतो तोवर होत राहायचा.

“फार जुनी असतात का ती?” मी तिला विचारलं.

“बहुतेक जुनी. मागे एका गावात एक निघालं होतं, साठ सालच्या आसपासचं. बिस्किटांच्या डब्यात. गावात कोणी बोललं नाही.”

मी घरी आले आणि कोट न काढताच खुर्चीत बसले.

म्हणजे मूल ब्रेमेनला झालंच नाही. इथेच झालं, आणि वाचलं नाही. तुम्ही दोघं जिथे कबर नाही तिथे गुडघे टेकून बसला होता, कारण तिथे कबर होती. म्हणून पन्हळ नको होती त्याला. चौतीस वर्षं तो तुझ्या मुलावर पाऊस पडू देत होता. माझ्या शेजारी झोपून.

तू तेव्हा गढीच्या स्वयंपाकघरात ते सैल मोठे एप्रन घालून वावरायचीस. मी महिनाभर अंथरुणात. मला काय दिसणार होतं?

आजारपण म्हणते मी. सगळे तसंच म्हणायचे, मीही तेच शिकले. तुला माहीत आहे ते आजारपण नव्हतं. सात महिने पूर्ण झाले होते. जिल्ह्याच्या दवाखान्यात त्यांनी मला झोपेचं इंजेक्शन दिलं, उठले तेव्हा पोट रिकामं होतं. मी विचारलं, मुलगा की मुलगी. नर्स म्हणाली, “आता त्याचा विचार करू नका, क्रोलबाई. तरुण आहात.” मी विचारलं, कुठे ठेवलंय. डॉक्टर म्हणाले, “त्याची सोय दवाखाना करतो.” सोय. मग ताप चढला आणि दोन आठवडे गेले. पुन्हा दिवस राहिले नाहीत. आल्ब्रेख्ट त्याबद्दल कधी बोलला नाही आणि मी त्याला बोलायला लावलं नाही. आमच्या घरात ते एवढंच होतं, एक न विचारलेली गोष्ट.

आणि त्याच महिन्यात तुझं त्याच्यापासून झालेलं मूल, त्याला जागा मिळाली, पाऊस मिळाला, त्याच्यासाठी गुडघे टेकणारा बाप मिळाला. माझ्या मुलाची दवाखान्याने सोय केली.

मी ओरडत नाही, रोझविथा. माझं वय गेलं ओरडण्याचं. दोन तारखेला ते खणतील तेव्हा कोणीतरी तिथे उभं राहायला हवं. मी राहीन. मुलाचा दोष नाही. पण कोणाचं मूल म्हणून उभी राहू, ते तुझ्या तोंडून कळू दे. ते आल्ब्रेख्टचं आहे ना?

गुड्रुन

हेल्मसाउ, २१ एप्रिल २०११

रोझविथा,

तुझं पत्र काल दुपारी आलं. उभ्यानेच वाचलं. मग बसून वाचलं.

आधी वाटलं, हे खोटं आहे. माझी सवयच झाली आहे ती. तू आणि तो मिळून काहीही रचू शकता, तो मेलेला असला तरी. म्हणून कपाट उघडलं. आईने मला लग्नात भरतकामाचे सहा अभ्रे दिले होते. पाचच आहेत. चौऱ्याहत्तर सालापासून पाच आहेत, आणि सहावा तू नेलास असा माझा पक्का समज होता. गावात एक-दोघींजवळ बोलूनही दाखवलं होतं. तू लिहिलं आहेस की तिला गुंडाळायला दुसरं काही पांढरं हाताशी नव्हतं.

तिला. छत्तीस वर्षांनी मला कळलं की मुलगी होती.

तू लिहिलंस ते मी पुन्हा लिहून काढते, म्हणजे काही चुकीचं समजले असेन तर सांग. मी तापात होते त्या तिसऱ्या दिवशी आल्ब्रेख्ट दवाखान्यात गेला. वॉर्डमधल्या एका आयाने, ती आपल्या शेजारच्या गावची, तिला टॉवेलात गुंडाळून मागच्या दाराने त्याच्या हातात दिलं, कारण त्या सोयीत पुढे काय होतं ते त्या आयाला माहीत होतं. त्याने तिला हत्यारांच्या पिशवीत ठेवून बसने आणलं, पिशवी मांडीवर घेऊन. बसमध्ये तीन ओळखीचे भेटले, सगळ्यांशी हवापाण्याचं बोलला. तू स्वयंपाकघरात वाटाणे निवडत होतीस. पाच वाजता, झिमझिम पावसात, भिंतीच्या तिसऱ्या टेकूपाशी, तुम्ही दोघांनी. कायद्याने गुन्हा होता, त्याची नोकरी गेली असती आणि त्या आयाचीही. म्हणून त्याने तुझ्याकडून शब्द घेतला. मला ताप उतरल्यावर सांगणार होता. डॉक्टरांनी त्याला बजावलं, बायकोसमोर विषय काढू नका, ती विसरेल.

आणि मृतांच्या रविवारी तुम्ही तिथे गेलात, कारण सगळं गाव आपापल्या माणसांकडे जातं.

मी तुला पेटी भरायला सांगितली तेव्हा तुला वाटलं, मला कळलंय. माझ्या मुलीला माझ्याशिवाय मातीत ठेवलं, याचा मला राग आला आहे, असं तुला वाटलं. म्हणून तू मान खाली घातलीस. इतकी वर्षं तू त्याच गोष्टीची क्षमा मागत होतीस, जी मला माहीतच नव्हती, आणि मी दुसरीच न केलेली गोष्ट तुला माफ करत नव्हते.

एक तुला माहीत नाही ते सांगते. त्या वर्षी जानेवारीत मी आल्ब्रेख्टला त्या वह्यांतलं वाचून दाखवलं होतं. तो बूट शिवत होता. पागोळीची नोंद आली तेव्हा त्याने दोरा थांबवला आणि विचारलं, “नुसतं पावसाचं पाणी चालतं?” मी म्हटलं, “त्यांना चाललं.” तो पुन्हा शिवायला लागला. म्हणजे तिथे न्यायचं त्याला सुचवलं ते मीच.

त्याच्यावर चिडले आहे. काल रात्री नाही, सकाळी चिडले, भांडी आपटली. सांगता आलं नसतं का त्याला? तीस वर्षांनी तरी? रोज संध्याकाळी चर्च बंद करायला गेला की अर्धा तास लावायचा. मला वाटायचं कोणाशी तरी बोलत उभा असेल.

हेन्केबाईंना सांगितलं. विटकोपबाईलाही. हेन्केबाईंनी घाई नाही केली, पहिल्यांदाच. विटकोपबाई म्हणाली, “तिसऱ्या टेकूपाशी दोन मीटर आम्ही यंत्र लावत नाही. हवं तर तिथली पन्हळही सोडू. भिंतीला दोन मीटर ओल राहिली तर मी बघते काय करायचं ते. तुम्ही सांगाल तसं.”

आणि हेन्केबाई म्हणाल्या, “चर्चच्या वहीत तिची नोंद करू. तुमच्याच हातून लिहा. नाव काय लिहायचं?”

मी पेन हातात घेतलं होतं. पण मला नाव सुचेना. न पाहिलेल्या मुलीचं नाव कसं ठेवायचं? माझ्यासारखी होती की त्याच्यासारखी, डोक्यावर केस होते का, हात केवढे होते, काहीच माहीत नाही मला. मी कधीच विचारलं नाही, आणि ज्याला विचारायचं तोही गेला. आता जगात ती कशी दिसत होती हे एकट्या तुलाच माहीत आहे.

ते पत्रात लिहू नकोस. मी कागदावरून वाचणार नाही. पुढच्या शुक्रवारी गाडी आहे, शनिवारीही आहे. स्टेशनवर मी येईन. ये, आणि माझ्यासमोर बसून सांग.

गुड्रुन